दिवाळं वाचणाऱ्या हमीदाताई

हमीदाताई कोर्टाचा कागद शेवटून वाचायच्या. हुकूम कितीही पानांचा असो, आधी थेट शेवटच्या पानावर जायचं, तिथला परिच्छेद मोठ्यानं वाचायचा आणि मग चष्मा कपाळावर चढवून समोरच्याकडे बघायचं. "कळलं? आता वरचं वाचू. वर कोण कोण काय काय म्हणालं ते असतं. कोर्ट काय म्हणालं ते खाली."

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांचा किंवा माझा कोर्टाशी काहीच संबंध नव्हता. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. लग्न होऊन मी नागपूरहून सुधीरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आले. पहिल्याच आठवड्यात एका उंच, हाडकुळ्या बाईंनी मला जिन्यात अडवलं. कडक खळीची सुती साडी, त्यावर ढगळ पुरुषी स्वेटर. "तू नागपूरची ना? फोडणीच्या ठसक्यावरून वाटलंच. काल मी दोनदा शिंकले." एवढं बोलून त्या वर निघून गेल्या आणि थोड्या वेळानं वाटीभर सुकं खोबरं घेऊन परत आल्या.

हमीदा परकार या मूळच्या खेडकडच्या. नाव ऐकून दिल्लीतलं कुणी त्यांच्याशी नजाकतीनं उर्दू बोलायला लागलं की त्या हात जोडून म्हणायच्या, "भाईसाहब, आसान हिंदी में. हम कोकण के हैं." ईदला नारळाच्या दुधातली सांदणं करायच्या आणि आमच्याकडे पाठवताना डब्यावर चिठ्ठी लावायच्या, 'शाकाहारी, कढईसुद्धा.' लग्न का केलं नाही असं विचारण्याची हिंमत कुणी केलीच, तर उत्तर ठरलेलं होतं. "प्रस्ताव सादर झाला होता. फाइल परत आली नाही."

नोकरी एका मंत्रालयाच्या संसदीय शाखेत. खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं लिहून द्यायची. त्यामुळे लोक काय विचारतात आणि सरकार काय सांगायचं टाळतं, या दोन्हींची त्यांना चांगली समज होती. त्या कुणावर चिडल्या की आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. तो खाली गेला की आमचा जिना गप्प व्हायचा.

त्यांची आई शेवटच्या आजारात त्यांच्याकडेच होती. त्या दिवसांत सिस्टर टोप्पो रोज संध्याकाळी वर जाताना दिसायच्या. या सरकारी इस्पितळातल्या नर्स, झारखंडच्या गुमलाकडच्या. बुटक्या, हसऱ्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. दिवसभराची ड्यूटी संपवून त्या आईच्या पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग करायला यायच्या. पैसे द्यायला गेलं की म्हणायच्या, "दीदी, चाय पिला दो." आई गेल्यावरही त्या येत राहिल्या, चहासाठी.

मग सगळ्यांना झालं तेच आम्हालाही झालं. गुरुग्रामच्या पलीकडे नवे सेक्टर निघाले होते. ऑफिसातून ऑफिसात माहितीपत्रकं फिरत होती. सुधीर, हमीदाताई आणि सिस्टर टोप्पो एकाच दिवशी, एकाच टॅक्सीतून जाऊन बुकिंग करून आले. परतताना तिघांनी रस्त्यावर कुल्फी खाल्ली. हमीदाताई घाईत नव्हत्या असं नाही. सरकारी क्वार्टर निवृत्तीबरोबर सुटतं, आणि निवृत्ती जवळ आली होती. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं सरकारच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी मागितली. आता स्वतःच्या भिंतीत ठोकीन."

ती भिंत काही उभी राहिली नाही. म्हणजे सांगाडे उभे राहिले, नुसत्या सिमेंटचे, आणि तिथेच थांबले. आम्ही त्या जागेला नुसतं 'साइट' म्हणायचो. हळूहळू तो शब्द आजारी नातेवाइकाच्या नावासारखा झाला. "साइटवर जाऊन आलात?" "हो. तसंच आहे." हमीदाताई निवृत्त झाल्या, क्वार्टर गेलं, आणि त्या मुनिरकाच्या एका गल्लीत गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेल्या. सिस्टर टोप्पोही निवृत्त झाल्या आणि फ्लॅट मिळेपर्यंत म्हणून गावी परतल्या. भाडं तिथे लागत नव्हतं.

एका सकाळी सुधीर पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. "बिल्डरचं दिवाळं निघालं."

त्या रविवारी वसाहतीच्या पार्कात साइटवर बुकिंग केलेले सगळे जमले. पुढारी होते भाटियाजी, बँकेतून निवृत्त झालेले, भला मोठा आवाज, छातीवर हात ठेवून बोलायची सवय. बोलताना मध्येच थांबून ते एक गोळी जिभेखाली ठेवत आणि पुन्हा सुरू करत. कुणी म्हणे बिल्डरच्या बंगल्यासमोर धरणं धरू. कुणी म्हणे सगळं बुडालं, आता काही मिळत नाही. एक बाई रडायला लागल्या. मागच्या बाकावरून हमीदाताईंचा आवाज आला, खालच्या पट्टीतला.

"ऑर्डर पढ़ी किसी ने?"

कुणी वाचली नव्हती. कुठे मिळते हेही कुणाला माहीत नव्हतं.

"कोर्ट का काग़ज़ है. सबका है. ढूँढते हैं."

मुनिरकाच्या खोलीत कॉम्प्युटर नव्हता, म्हणून त्या आमच्याकडे आल्या. मी बसले कळफलकावर, त्या शेजारी स्टुलावर. दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं संकेतस्थळ उघडलं. त्यात साइटचं नाव टाकलं, जे मोठाल्या फलकांवर होतं. काहीच नाही. बिल्डरचं नाव टाकलं. भलतीच प्रकरणं. सुधीर मागून म्हणाला, "राहू दे, वकील बघतील."

हमीदाताई म्हणाल्या, "वृंदा, तुमचं अ‍ॅग्रीमेंट आण. पहिल्या पानावर विकणारा म्हणून कोणाचं नाव आहे ते वाच. जाहिरातीतलं नको, सहीतलं."

नाव निराळंच होतं. फलकावरच्या नावाशी त्याचा फक्त एक शब्द जुळत होता. ते टाकल्याबरोबर प्रकरण समोर आलं. कुणा सिमेंट पुरवणाऱ्याचं देणं थकलं होतं, त्यानं अर्ज केला होता, आणि तो दाखल करून घेतल्याचा हुकूम होता. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली तर त्यांनी माझा हात धरला. "शेवट काढ."

शेवटच्या परिच्छेदापाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग आम्हा दोघांना समजावून सांगू लागल्या, जसं एखाद्याला घरातली भानगड सांगावी तसं. "बिल्डर गादीवरून उतरला. त्याच्या जागी कोर्टानं कारभारी नेमलाय, हे बघ त्याचं नाव. आता कंपनीवर कुणालाही नवा खटला भरता येणार नाही. ज्याचं ज्याचं येणं आहे त्यानं ठरल्या मुदतीत या कारभाऱ्याकडे दावा सांगायचा. मग घेणेकऱ्यांची सभा बसणार, आणि ती ठरवणार की कंपनी दुसऱ्या कुणी चालवायची की मोडून विकायची."

"आणि आपण?" मी विचारलं.

"आपण सावकार."

"सावकार?"

"कायद्यानं. आपण बिल्डरला पैसे दिले, म्हणजे उसने दिले असं धरतात." त्या हसल्या, पण त्यात हसू नव्हतं. "बघ गं, मुनिरकाच्या गच्चीवर भाड्यानं राहणारी सावकारीण."

त्यानंतर रविवारी त्यांच्या खोलीवर रांग लागायला लागली. त्या कुणाचाही दावा भरून देत नसत. शेजारी बसायच्या, प्रत्येकाला त्याचंच अ‍ॅग्रीमेंट मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि अडला की थांबवायच्या. एक प्राध्यापक वैतागून म्हणाले, "मैडम, आप ही भर दीजिए ना, आपको तो आता है." हमीदाताई म्हणाल्या, "मैं भर दूँगी तो कल नोटिस आएगा तब फिर मुझे ढूँढोगे. मैं नहीं रही तो?" लोकांना हे कडक वाटे. भाटियाजी मात्र खूश होते. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचे, "हमारी हमीदा बहन दस वकीलों के बराबर हैं." त्या काळात दोघांचं चांगलं जमायचं. भाटियाजी त्यांच्यासाठी घरचं आंब्याचं लोणचं आणायचे.

एकदा त्या मला सुनावणीला घेऊन गेल्या. लोधी रोडवरच्या सरकारी इमारतींच्या गर्दीत हे न्यायाधिकरण होतं. दारावरच्या शिपायानं विचारलं, "किस वकील के साथ?" "किसी के साथ नहीं. सुनने आए हैं." त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत सोडलं. सकाळभर बसलो तेव्हा आमचं प्रकरण पुकारलं गेलं. दोन वकील उठले, काहीतरी पुटपुटले, पुढची तारीख मिळाली. माझी जांभई अजून पुरी झाली नव्हती.

"एवढ्यासाठी आलो?" बाहेर चहाच्या टपरीवर मी विचारलं.

"एवढ्यासाठीच. आज आपल्या केसमध्ये काय झालं ते तुला आणि मला माहीत आहे. बाकीच्यांना कुणीतरी सांगेल ते." मग चहाचा पेला दोन्ही हातांत धरून त्या अचानक वडिलांबद्दल बोलायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

खेडच्या बाजारात वडिलांचं छोटं कापडदुकान होतं. भागीदार माल उचलून पळाला, देणी वडिलांच्या माथी बसली, आणि कोर्टानं त्यांना नादार जाहीर केलं. बेलिफानं दुकानाच्या दारावर कागद चिकटवला. "अब्बांनी आम्हा सगळ्या भावंडांना हाताला धरून दुकानापुढे नेलं. भर बाजारात. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. म्हणाले, शाळेत कुणी काही बोललं तर काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत असावं. वृंदा, त्यात चोर हा शब्द कुठेच नव्हता. मी पुन्हापुन्हा शोधला. बाजारात मात्र तोच एक शब्द होता."

त्यांनी पेला ठेवला. "नादार म्हणजे ज्याच्याकडे नाही तो. ज्यानं खाल्लं त्याच्यासाठी वेगळा शब्द पाहिजे. कायद्यात दोघं एकाच दारानं आत येतात."

पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं.

अडलेलं बांधकाम पुरं करायला एक नवी कंपनी पुढे आली. तिनं दिलेली योजना जाडजूड होती. भाटियाजींनी मीटिंगमध्ये तिचा सारांश सांगितला. थोडे जास्तीचे पैसे भरायचे, आणि ठरावीक काळात फ्लॅट ताब्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुधीरनं माझा हात घट्ट धरून मला घरी आणलं, लग्नानंतर कधी धरला नव्हता असा. त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. त्यांना नागपूरहून आणायचं होतं आणि क्वार्टरमध्ये जागा नव्हती. शिवाय सुधीरची निवृत्तीही दिसायला लागली होती.

हमीदाताईंनी ती योजना शेवटून वाचली. शेवटी जोडपत्रं होती, त्यांत दावा मंजूर झालेल्यांची नावं. सगळे त्या यादीत आपापलं नाव शोधत होते. त्यांनी कोण नाही ते शोधलं. त्याच योजनेत एक कलम होतं: ज्यांनी मुदतीत दावा केला नाही त्यांचं बुकिंग संपलं, ते फ्लॅट नव्या कंपनीनं विकायचे. सिस्टर टोप्पोंचं नाव यादीत नव्हतं.

सिस्टरचा फोन नंबर बदलला होता. इस्पितळातल्या जुन्या नर्सांना विचारत विचारत हमीदाताईंनी नवा मिळवला आणि आमच्याच घरातून फोन लावला. पलीकडून आनंदी आवाज आला. "दीदी! फ्लैट बन गया क्या?"

हमीदाताईंनी सगळं सांगितलं. पेपरात जाहीर सूचना आली होती, मुदत होती, ती गेली.

"कौन से पेपर में, दीदी? यहाँ तो हफ्ते में एक बार कोई पेपर लाता है, उसमें चना बाँधते हैं." मग त्यांनी हळूच विचारलं, "तो मेरा नहीं है अब?"

फोन ठेवल्यावर हमीदाताई स्टुलावर तशाच बसून राहिल्या. "मी सगळ्यांना सांगत बसले. हिला सांगायचं राहिलं. वाटलं, हिला माहीत असेलच."

पुढच्या मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सिस्टरसारखे आणखी लोक आहेत. कुणी सीमेवर फौजेत होतं, कुणी परदेशात, एका घरात ज्याच्या नावानं फ्लॅट तोच वारला होता. या सगळ्यांची नावं बिल्डरच्या स्वतःच्या हिशेबात आहेत, त्यांनी पैसे भरल्याचं कंपनीला माहीत आहे. आपण सगळ्यांनी मिळून म्हणू या की यांना घेतल्याशिवाय आम्ही मत देत नाही.

भाटियाजींनी छातीवर हात ठेवला. "बहनजी, जो सोया सो खोया. मुझे भी अफ़सोस है. लेकिन वो फ्लैट हटा दोगे तो कंपनी भाग जाएगी. फिर?"

"फिर दूसरी ढूँढेंगे."

"कब तक? मेरी उम्र देखिए."

"मेरी भी देखिए, भाटियाजी."

सुधीर उठला. माझा नवरा मीटिंगमध्ये कधी बोलत नसे. "ताई, तुम्ही एकट्या आहात. आमच्या घरात माणसं आहेत." तो मराठीत बोलला, म्हणजे ते फक्त त्यांना आणि मला कळलं. हमीदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खाली बसल्या. त्यांच्या घरात माणसं किती हे त्यांना तोंडावर सांगणारा तो पहिलाच असावा.

मतदान झालं. योजना मोठ्या फरकानं मंजूर झाली. हमीदाताईंनी विरोधात मत दिलं आणि ते कुणापासून लपवलं नाही. पण सभेनं मंजूर केलेल्या योजनेवर न्यायाधिकरणाची मोहोर लागते. ती लागण्याआधीच सिस्टर टोप्पो दोन दिवसांचा प्रवास करून दिल्लीला आल्या, मुनिरकाच्या त्या खोलीत उतरल्या, आणि हमीदाताईंनी एक तरुण वकील गाठून त्यांचा अर्ज लावला. आणखी काही जणांना शोधून काढलं, त्यांचेही अर्ज लागले. बुकिंग आपल्यासमोर झालं होतं असं प्रतिज्ञापत्र हमीदाताईंनी स्वतः दिलं.

मग तारखा सुरू झाल्या. अर्जांचा निकाल लागल्याशिवाय योजनेवर मोहोर नाही, आणि मोहोर नाही म्हणून साइटवर एक वीट नाही. एक उन्हाळा गेला. पावसाळा गेला. सुधीर त्यांचं नाव घरात काढू देईना. साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या नावावरूनही लिहिलं गेलं. ज्यांचे दावे त्यांनी शेजारी बसून भरून घेतले होते, त्यांनीही लिहिलं. त्यांनी ते सगळं वाचलं असणार. त्या वाचल्याशिवाय काहीच सोडत नसत.

दसऱ्याच्या सुमाराला भाटियाजी गेले. झोपेतच हृदय बंद पडलं. दहनानंतर पंजाब्यांत उठाला असतो, सगळे जमतात तो. मी आणि हमीदाताई वेगवेगळ्या गेलो होतो, पण दारात गाठ पडली. बायका मिसेस भाटियांजवळ जाऊन बसत, हात हातात घेत. हमीदाताई पुढे झाल्या तशी मिसेस भाटियांनी मान वर केली.

"आप मत बैठिए मेरे पास. वो अपने घर में मरना चाहते थे. किराए के घर में मरे. आपकी वजह से."

सगळी खोली ऐकत होती. हमीदाताईंनी हात मागे घेतला. "जी," एवढंच म्हणाल्या आणि उलट पावली बाहेर आल्या. मी मागोमाग गेले. त्या फाटकाशी उभ्या होत्या, चपला उलट्या पायांत घातलेल्या, ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"वृंदा, माझं चुकलं का गं?"

भाटियाजींना घर मिळायला हवं होतं आणि सिस्टरचं घर जायला नको होतं. मी म्हटलं, "ताई, चपला बदला." त्यांनी खाली पाहिलं, चपला नीट घातल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या.

संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस पानिपतला काला अंबला जाते. लढाईत पडलेल्यांसमोर डोकं टेकवायचं, भगव्या पताका, घोषणा, परतताना ढाब्यावर जेवण. हमीदाताई दर वर्षी येत. त्या वर्षीही आल्या. खिडकीशी बसल्या आणि शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. बस गच्च भरलेली होती. एक जण उभा राहून गेला, पण तिथे बसला नाही. मी सुधीरच्या शेजारी होते. उठायला गेले तर त्यानं माझ्या पदरावर हात ठेवला. मी त्याचा हात बाजूला केला आणि जाऊन बसले. त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन मला जागा करून दिली.

स्मारकापाशी धुकं होतं. तिथे त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि प्रत्येकासमोर जाऊन तिळगूळ धरला. लोकांनी घेतला. सणाला नाही कोण म्हणणार? पण घेऊन तोंड फिरवलं. सुधीरसमोर त्या आल्या आणि म्हणाल्या, "घ्या. गोड नाही बोललात तरी चालेल. पण बोला." सुधीरनं तिळगूळ घेतला. बोलला मात्र नाही. परतताना बसमध्ये तो वडी हातात धरून बसला होता. पाक चिकटून बोटं एकमेकांना लागली होती.

निकाल लागला तो असा. ज्यांनी अर्ज केले होते आणि ज्यांची नावं बिल्डरच्या हिशेबात होती, त्यांना योजनेत घ्या. बाकी योजना मंजूर. सिस्टर टोप्पोंना फ्लॅट मिळाला. पण ज्यांना शोधता आलं नव्हतं, ज्यांना या सगळ्याचा पत्ताच नव्हता, ते कायमचे बाहेर राहिले. आम्ही सगळे आनंदात होतो. सिस्टर हमीदाताईंच्या गळ्यात पडून रडल्या. हमीदाताईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि नजर दुसरीकडेच ठेवली. नंतर मला म्हणाल्या, "ज्यांना आवाज होता त्यांना न्याय मिळाला. ज्यांना नव्हता त्यांच्यासाठीच तर गेलो होतो ना आपण?"

मोहोर लागल्यावर काम जोरात झालं. ताबा मिळायला आणखी दोन हिवाळे गेले. तोवर सुधीरचे वडील नागपुरातच वारले होते. हमीदाताई आपल्या फ्लॅटमध्ये एक दिवसही राहिल्या नाहीत. ताब्यानंतर काही आठवड्यांतच त्या भावाला भेटायला खेडला गेल्या, तिथे तापानं निमित्त झालं, आणि परत आल्या नाहीत. दफनाला इथून कुणी गेलं नाही. सिस्टर टोप्पोंनी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना सांगितली, तेवढ्याला आम्ही काही जणी होतो. मिसेस भाटियाही आल्या होत्या. मागे बसल्या आणि कुणाशी न बोलता गेल्या.

मी हमीदाताईंना शेवटचं पाहिलं ते ताब्याच्या दिवशी. नवं फाटक, झेंडूच्या माळा, लाडूची खोकी, किल्ल्यांसाठी रांग. फाटकाबाहेर एक माणूस उभा होता. फौजेतला निवृत्त हवालदार, बाहेर राहिलेल्यांपैकी. कुठून तरी ताब्याची बातमी ऐकून आला होता. प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं अ‍ॅग्रीमेंट होतं आणि तो पहारेकऱ्याला पुन्हापुन्हा फ्लॅटचा नंबर सांगत होता. पहारेकरी त्याला आत सोडत नव्हता. लोक खोकी सांभाळत त्याच्या बाजूनं आत जात होते. आम्हीही गेलो. "चल," सुधीर म्हणाला, "आपला नंबर आलाय."

किल्ली मिळाली. लिफ्टनं वर गेलो. घरात रंगाचा वास होता. सुधीरनं स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि आतून ओरडला, "वृंदा, पाणी येतंय बघ!" मी बाल्कनीत होते. खाली फाटकाबाहेर, फुटपाथच्या कडेला तो हवालदार बसला होता आणि त्याच्या शेजारी हमीदाताई. आपली किल्ली घ्यायला त्या अजून आत आल्याच नव्हत्या. दुपारचं ऊन तापलं होतं. त्यांनी छत्री उघडून दोघांवर धरली होती, जास्त करून त्याच्यावर. तो काहीतरी सांगत होता, हातवारे करत, आणि त्या ऐकत होत्या. बराच वेळ ऐकत होत्या.

आतून सुधीर दुसरे नळ सोडत होता. मी तिथून हलले नाही. ऊन कलायला लागलं, आमच्या टॉवरची सावली फाटकावरून सरकत सरकत फुटपाथपर्यंत गेली आणि त्या दोघांवर पडली, तेव्हा त्यांनी छत्री मिटली.